खडा, वजन आणि मन

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की ‘स्क्रूपल’ या इंग्रजी शब्दासाठी, म्हणजे काही गैर करण्याआधी मनाला लागणाऱ्या टोचणीसाठी, अनुवादात ‘तत्त्व’ लिहिले तर चालेल का, आणि मी घाईघाईने होकार दिला. तो होकार तेव्हापासून मला खुपतो आहे, म्हणून हे पत्र.

लॅटिनमध्ये ‘स्क्रूपस’ म्हणजे टोकदार दगड आणि ‘स्क्रूपुलस’ म्हणजे तसलाच बारीक खडा. असा खडा चपलेत शिरला की रक्त येत नाही, चालणेही थांबत नाही, पण दर पावलाला लक्ष तिकडेच जाते. मनाच्या अशाच बेचैनीसाठी रोमन वक्ता सिसेरो याने हा शब्द वापरला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच खडा पायातून मनात शिरला होता. पुढे तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला.

त्याच शब्दाचे एक वजनही झाले. इंग्रजी औषधी मापात 20 ग्रेनचा एक स्क्रूपल आणि 3 स्क्रूपलांचा एक ड्राम होई. आजच्या हिशेबाने एक स्क्रूपल सुमारे 1.3 ग्रॅम. तुझे आजोबा कंपाउंडर होते. त्यांच्या लाकडी पेटीतले एक चिमुकले पितळी वजन मी लहानपणी तळहातावर घेतले, तेव्हा हातात काही आहे असे जाणवलेसुद्धा नाही. तेच त्यांनी चिमट्याने उचलून तराजूत ठेवले आणि पारडे झुकले.

‘तत्त्व’ हा शब्द मला इथे नको वाटतो तो यामुळेच. तत्त्व भारदस्त असते, ते चारचौघांत सांगता येते. स्क्रूपल फार लहान असतो आणि ज्याचा त्यालाच जाणवतो. ‘विधिनिषेध’ म्हणावे, तर करावे काय आणि करू नये काय हे शास्त्राने बाहेरून सांगितल्यासारखे होते. ‘सल’ हा शब्द मात्र मला फार जवळचा वाटला, कारण तो ‘शल्य’ या संस्कृत शब्दापासून आला आहे आणि शल्य म्हणजे अंगात रुतून बसलेला काटा किंवा बाणाचे टोक. खडा तिकडचा, काटा आपला! तरीही सल उरतो तो घडून गेलेल्या गोष्टीचा, आणि स्क्रूपल पाऊल टाकण्याआधीच टोचतो.

तेव्हा नामाला नाम शोधण्याचा हट्ट सोडून दे. तुझ्या गोष्टीतला कारकून खोट्या कागदासमोर लेखणी धरून बसला आहे, तिथे ‘सही करायला त्याचे मन धजेना’ एवढेच लिहून पाहा, आणि वाक्य कसे वाटते ते कळव.

तुझा,
बाबा