एचआयव्हीसह जगणाऱ्या ग्रामीण महिलांना ३१ प्रश्नही विचारा

महोदय,

जागतिक एड्स दिन आला की तपासण्या किती झाल्या, औषधावर किती जण आहेत, किती जणांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात आला, हे आकडे छापून येतात. ते छापायलाच हवेत. पण व्हायरल लोड हजाराच्या खाली, म्हणजे आटोक्यात असलेल्या बाईचं ताट सासरी वेगळं ठेवतात का, सोयाबीनच्या सवंगणीला तिला कुणी बोलावतं का, तिला रात्री झोप लागते का, हे त्यातून कळत नाही.

ते मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-एचआयव्ही ब्रेफ ही ३१ प्रश्नांची प्रश्नावली आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांत, व्हायरल लोडच्या वार्षिक तपासणीच्या दिवशीच ती भरून घ्यावी. त्यासाठी वेगळी खेप नको. एका खेपेत एसटीचं भाडंही जातं आणि दिवसाची मजुरीही.

दोन प्रश्न एकूण आयुष्य व तब्येतीचे. उरलेले २९ सहा भागांत आहेत: शरीर, मन, स्वावलंबन, नातेसंबंध, परिसर आणि जगण्याविषयीच्या श्रद्धा. प्रत्येक उत्तर १ ते ५ मध्ये. भागातल्या उत्तरांची सरासरी काढून चारने गुणायचं, म्हणजे गुण ४ ते २० मध्ये येतात. हिशेब सोपा आहे, घोळ होतो तो इतरत्र.

सात प्रश्न उलटे आहेत, म्हणजे त्यांत मोठा आकडा वाईट: वेदना, एचआयव्हीमुळे होणारा शारीरिक त्रास, उपचारांची गरज, लोकांनी दोष देणं, भविष्याची भीती, मरणाची काळजी आणि उदासी. यांचं उत्तर ६ मधून वजा करून घ्यायचं. ते राहिलं तर सगळ्यात जास्त धास्तावलेली बाई कागदावर सगळ्यात सुखी ठरते! लैंगिक जीवनाच्या प्रश्नावर बऱ्याच विधवा गप्प राहतात. ती जागा रिकामीच ठेवावी, तिथे शून्य किंवा ३ टाकू नये. नातेसंबंधांच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं ३, २ आणि १ असतील तर सरासरी २ आणि गुण ८. रिकाम्या जागी शून्य धरलं की तेच गुण ६ होतात. उपचारांच्या गरजेचा प्रश्नही फसवा. ‘गोळी तर रोज घ्यावीच लागते’ म्हणून ठणठणीत बाईसुद्धा ५ सांगते. गोळीबद्दल नव्हे, रोजची कामं करता यावीत म्हणून उपचारांवर किती अवलंबून राहावं लागतं हे विचारायचं आहे, हे तिला नीट सांगावं.

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. गावात तारखेपेक्षा ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की लवकर कळतं. कापूस वेचणीच्या दिवसांतला थकवा आणि उन्हाळ्यातली हाताला काम नसतानाची चिंता सारखी नसते, म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात विचारावं, नाहीतर फरक हंगामाचा निघायचा.

विचारायचं कुणी, हा खरा पेच आहे. जिच्या हातून गोळ्या मिळतात तिच्यासमोर आरोग्यसेवेला कमी गुण कोण देईल? समाजकार्य शिकणाऱ्या मुलींना तयार करता येईल. मात्र २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे गोपनीयता पाळायलाच हवी. आधी लेखी संमती घ्यावी, अर्जावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा, दार लावलेली खोली असावी आणि सोबत आलेली सासू किंवा नवरा बाहेर थांबावा. गावात घरोघरी जाऊन हे अर्ज भरण्याचा उत्साह कुणी दाखवू नये. अर्ज घेऊन कुणी दारात उभं राहिलं की शेजाऱ्यांना तेवढं पुरतं.

सहाही भागांची एकच बेरीज मात्र करू नये. शरीराला १७ आणि परिसराला ७ असलेल्या बाईची सरासरी बरी दिसते, पण तिची अडचण औषधाची नाही. परिसराच्या भागात पैसा, घर, प्रवास, सुरक्षितता हे सगळं येतं. तिथे गुण कमी असतील तर समुपदेशकाने आधी संजय गांधी निराधार योजनेचं पाहावं. एचआयव्हीबाधितांचा त्यात समावेश आहे, अनुदान महिन्याला १,५०० रुपये. तहसीलच्या खिडकीवर आजाराचा दाखला दाखवायचा म्हणून बायका मागे फिरतात. त्यामुळे योजनेचा अर्ज एआरटी केंद्रातच भरून बंद पाकिटात तहसील कार्यालयाकडे पाठवण्याची सोय जिल्हा प्रशासनाने करावी.

– ग्रामीण आरोग्याच्या काही कार्यकर्त्या, नागपूर