केर्लीच्या चढावरच्या मामांचे आभार

रविवारी जोतिबाला जाताना केर्लीच्या पुढं चढावर आमची सात सीटर तापली. काटा लाल रेषेवर, बॉनेटमधून वाफ, आत आई-आबा आणि पोरं. दुधाच्या टेम्पोवाले मामा लांबूनच ओरडले, "झाकणाला हात लावू नगासा, भाजंल!" गाडी गार होईपर्यंत थांबले. सोबतच्या पोरानं रेडिएटरच्या होजचं फाटकं टोक ब्लेडनं कापलं, उरलेला पाइप चढवून क्लिप आवळली, पाणी भरलं. पैसे? "देवाच्या वाटंवर कसलं पैसं!" वर दम दिला, नुसत्या पाण्यावर फिरवू नका, गंज धरतो. कूलंट घातलंय मामा, होजही नवा बसवलाय. दोघांचे मनापासून आभार. कुणाच्या ओळखीचे असतील तर एवढा निरोप पोचवा.