सणांच्या वेळापत्रकाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : गणेशोत्सव ते दिवाळी, न्यूरोडायव्हर्जंट प्रौढ रहिवाशांसाठी सोय

महोदय,

न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची ठेवण वेगळी असलेली प्रौढ माणसेही आपल्या सोसायटीत राहतात : कोणाला ऑटिझम, कोणाला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वस्थ राहणे अवघड जाते). त्यांतल्या अनेकांना अचानक आवाज किंवा लुकलुकता प्रकाश सोसत नाही. उत्सव आटोपता घ्या, असे आमचे म्हणणे नाही. आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे आधी कळावे, ही मुख्य मागणी. ठरल्या वेळेचा तासभर ढोल सोसता येतो. अवचित फुटलेल्या एका सुतळी बॉम्बने मात्र सगळी संध्याकाळ जाते.

म्हणून आठवडाभर आधी लिफ्टजवळच्या फलकावर आणि ग्रुपवर एकच तक्ता लावावा : तारीख, सुरुवात, शेवट, जागा, स्पीकर आहे की नाही, कोणते गेट बंद राहील. माईक टेस्टिंगची वेळही त्यातच हवी. आरती आठची साडेनऊला गेली तर तसे कळवावे आणि कार्यक्रम रद्द झाला तरी कळवावे, कारण त्यासाठी मनाची तयारी आधीच झालेली असते.

स्पीकरबाबत : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. आपल्या दोन विंगांमधल्या चौकात भिंतींवरून तो परततो, त्यामुळे इतका उतरत नाही. एका कोपऱ्यात मोठा स्पीकर लावण्यापेक्षा दोन लहान स्पीकर प्रेक्षकांजवळ, तोंड खाली करून लावावेत. बेस कमी ठेवावा. बंद खिडकी आणि कानातले बोळे वरच्या पट्टीचे आवाज बरेच अडवतात, धडधड मात्र आत येतेच. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनही सलग घरघरीला चालतात, फटाक्याच्या बाराला नाही. आवाज मोजायचा तर मंडपात नको, सर्वांत जवळच्या खिडकीपाशी मोजावा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

नरक चतुर्दशीला पहिला बार कोणाचा, याची चढाओढ भल्या पहाटे लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत, ही ओळ तक्त्यात ठळक छापावी. स्टिल्ट पार्किंगमध्ये तर कधीच नकोत, तिथे आवाज घुमतो.

जिन्यात आणि लिफ्टबाहेर लुकलुकणाऱ्या माळा लावू नयेत. कंट्रोलरचे बटण दाबून स्थिर प्रकाश ठेवता येतो, पण बऱ्याच स्वस्त माळा वीज जाऊन आली की पुन्हा लुकलुकू लागतात. तिथे बिनकंट्रोलरच्याच घ्याव्यात. बाहेरच्या भिंतीवर हवे तसे चमकू दे.

वर्गणीसाठी पाच-सहा जणांनी दारात उभे राहून बेल वाजवण्याऐवजी क्यूआर कोड पाठवावा. ‘बेल नको’ असे कळवणाऱ्यांची यादी सेक्रेटरींकडेच राहावी, दारावर खूण नको. कारण किंवा सर्टिफिकेट मागू नये. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझम आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि अनेक प्रौढांचे निदानच झालेले नसते.

विसर्जनाच्या दिवशी आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाचनालयाची खोली शांत खोली म्हणून उघडी ठेवावी : टीव्ही बंद, मंद दिवा, किल्ली वॉचमनकडे. दरवर्षी तिथे मंडपाच्या खुर्च्या रचल्या जातात, त्या यंदा दुसरीकडे हलवाव्यात.

ज्यांना उत्सवात काम करायचे आहे, त्यांना हिशेब किंवा सामानाची यादी असे ठरावीक वेळेचे काम लिहून द्यावे. ‘मंडपात का दिसत नाही?’ हा प्रश्न टाळावा.

हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर, साउंड आणि लाइटिंगवाल्यांना ॲडव्हान्स देण्याआधी घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपले नम्र,
ए आणि बी विंगमधील काही रहिवासी