मीटिंग नव्हती ती, इंटरव्ह्यू होता

सोलापूर, वरची खोली
रात्रीचे साडेअकरा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघं खाली झोपलाय आणि मी वर बसून तुम्हालाच पत्र लिहितेय, म्हणजे येडेपणाच. पण आज रूपाभवानीच्या रांगेत, मग चहाला, मग जेवताना, तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा भाकरीचं कौतुक करून गप्प बसले. पहाटे पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस गाठायचीय. हे शेंगाचटणीच्या डब्याखाली ठेवून जाते.

फेब्रुवारीत माझी नोकरी गेली होती. गड्ड्याची जत्रा बघून पुण्याला परतले, त्यानंतर तीनच आठवड्यांत. कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, विषय लिहिलेला नाही. आत मॅनेजर आणि एचआरच्या बाई. प्रोजेक्ट बंद होतोय, तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही, दोन महिन्यांचा पगार मिळेल. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचं लॉगिन बंद. सहा वर्षांचं सामान म्हणजे एक मग आणि बाबांनी दिलेली चादर, ऑफिसच्या एसीत पांघरायला नेलेली.

तुम्हाला दर महिन्याला येणारे पंधरा हजार त्या दोन पगारांतूनच येत होते. मेचे तेवढे एफडी मोडून पाठवले. बंडूला सगळं माहीत होतं. त्याला ओरडू नका, मी त्याला शपथ घातली होती.

मार्चमध्ये मी "वर्क फ्रॉम होम आहे" म्हणून दीड महिना इथं येऊन राहिले ना, तेव्हा वर्क काहीच नव्हतं. आई, तू गल्लीभर सांगत होतीस, आमच्या सुमीला कंपनीनं घरनंच काम दिलंय. ते ऐकून मी वर येऊन दार लावून घ्यायचे.

त्या खोलीत मी काय करत होते ते आता सांगते. सकाळी उठून नोकरीच्या साइटवर प्रोफाइलमधला एखादा शब्द बदलायचा, म्हणजे म्हणे नाव वर येतं. मग अर्ज. वहीत मोजून 140 झाले आणि उत्तरं आली नऊ. त्यातल्या सहांनी पहिल्या फोनमध्येच विचारलं, मधे गॅप का? वालचंद कॉलेजातली माझी मैत्रीण म्हणाली, तुझा रेझ्युमे म्हणजे किराणा दुकानाची यादी आहे. हे येतं, ते येतं, अमुक कोर्स केला. काय केलंस आणि त्यानं काय फरक पडला, एवढंच लिही. तीन पानांचं एक पान केलं. पुढचे सगळे कॉल त्या एका पानावर आले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे ओळखीतनं आले. कुणीतरी आतून नाव पुढं केलं की माणूस निदान ते पान वाचतो. तुम्हाला हे आवडणार नाही बाबा, तुमचा वशिल्याचा राग मला माहितेय. पण आत शिरल्यावर परीक्षा सगळ्यांना सारखीच असते.

आणि परीक्षा म्हणजे परीक्षाच. सहा वर्षं काम केलेल्या बाईला कॉलेजातली कोडी घालतात. समजा दहा लाख नावं अकारविल्हे लावलेली आहेत, त्यातलं एक शोधायचंय. दर वेळी बरोबर मधलं नाव बघायचं आणि नको ती अर्धी यादी टाकून द्यायची. जास्तीत जास्त वीस वेळा बघितलं की नाव सापडतं. ही रीत मला झोपेत येते, पण समोर अनोळखी माणूस आणि घड्याळ असताना लिहिताना एका आकड्याची चूक झाली आणि प्रोग्राम नुसता गोल गोल फिरत राहिला. पहिली कंपनी तिथंच गेली. दुसऱ्या एकीनं चार राउंड घेतले, सगळे छान झाले, आणि मग पत्र आलं की भरतीच थांबवलीय. त्या रात्री मी जेवले नाही. आई, तुला वाटलं पित्त झालंय, तू आलं-लिंबू दिलंस.

तो गुरुवार आठवतोय? पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि तू जिन्यातनं ओरडलीस, "सुमे, पाणी आलंय, मोटर लाव की!" मी खाली न येता नुसतं "मीटिंग आहे" म्हणून ओरडले आणि तू दिवसभर बोलली नाहीस. आई, मीटिंग नव्हती ती, इंटरव्ह्यू होता. आणि माझा माइक चालू होता.

समोरच्यानं विचारलेलं होतं, एकाच वेळी हजारो लोक मागणी करायला लागले तर सर्व्हर आडवा पडतो, मग कुणाला किती द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा कशी बांधशील? माझी जीभ टाळूला चिकटली होती. तेवढ्यात तुझा आवाज. तो हसला, म्हणाला, जा, आधी मोटर लावून या. मी बंडूला मेसेज केला आणि एकदम मोकळी झाले. म्हटलं, सर, आमच्याकडचंच सांगते. याची एक रीत आहे, टोकन बकेट. बादलीत ठरलेल्या वेगानं टोकन पडत राहतात, प्रत्येक मागणी एक टोकन उचलते, बादली रिकामी असेल तर मागणी परत पाठवायची. बादली भरली की वरचं टोकन वाया. काही वेळ कुणी काही मागितलं नाही तर बादली भरून राहते आणि मग एकदम बरंच उचलता येतं, जशी आमची आई टाकी भरली की आठवड्याची धुणी एका दिवसात काढते. पण टाकीपेक्षा जास्त नाही. म्हणजे खरा प्रश्न टाकी केवढी ठेवायची हा. पुढचा अर्धा तास आम्ही टाकीच्या मापावर बोलत होतो.

तीच ही कंपनी. जूनमध्ये रुजू झाले. नोटीस पिरियड नव्हता, लगेच येऊ शकत होते, हा गेलेल्या नोकरीचा एकमेव फायदा. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचा इतिहास तपासूनच घेतलं त्यांनी.

आता लग्नाचा बायोडाटा. आई, निळ्या फाइलमधल्या बायोडाट्यात तू "पॅकेज 18 लाख" लिहिलंयस. ते मी खोडलंय. नवीन पॅकेज साडेपंधरा आहे. आणि त्यातलेही सगळे हातात येत नाहीत. माझ्या बेसिकमधले 12 टक्के पीएफला जातात, कंपनीचा पीएफही पॅकेजमध्येच धरतात, पाच वर्षं टिकले तर मिळणारी ग्रॅच्युइटीसुद्धा त्यातच मोजतात, आणि एक तुकडा वर्षाअखेरीस साहेबांना वाटलं तर. मावशी लातूरहून कुणाला सांगणारच असेल तर "नोकरी करते" एवढंच सांगू दे.

"पर्मनंट झालीस का?" हे बाबा दर फोनला विचारतात. नाही. प्रोबेशन डिसेंबरपर्यंत आहे. नंतर कन्फर्म झाले तरी त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही. आजोबांच्या मिलमध्येही सगळे पर्मनंटच होते ना?

पण एक सांगायचंय, खास बाबांना. ऑगस्टमध्ये आमच्याकडे काही बिलांवर तारीख एक दिवस मागची पडत होती. सगळ्यांवर नाही, कुठं कुठं. टीममधले दोघं आठवडाभर एकेक बिल धरून बसले होते. मला तुम्ही मागावर नक्षी काढणाऱ्या जेकार्डखाली उभं राहून सांगायचा ते आठवलं: फूल एकदा बिघडलं तर धागा तुटलाय, प्रत्येक चादरीत त्याच जागी बिघडलं तर नक्षीचा भोकांचा पुठ्ठा बघ. मी बिलं सोडली आणि वेळा मांडल्या. चुकलेलं प्रत्येक बिल रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधलं. सर्व्हरचं घड्याळ लंडनच्या हिवाळ्यातल्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, त्यामुळं आपला नवा दिवस त्याच्या लेखी अजून कालच. एका ओळीचं काम निघालं. चुकीच्या भोकावर तुम्ही कागदाचा तुकडा डकवायचा, तेवढंच. मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, कसं सुचलं? मी म्हटलं, वडील चादरीच्या कारखान्यात होते. कुणाला काही कळलं नाही. जाऊ दे.

बाबा, एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार हा मेसेज तुम्ही मला चार वेळा पाठवलाय. आमच्याकडेही तो कोड लिहून देतो, भराभर देतो. ते वाचून त्यातली चूक धरायचं काम माझ्याकडं आहे, आणि ते वाढलंय. पुढच्या वर्षीचं मला सांगता येत नाही. म्हणून रोज रात्री एक तास अभ्यास ठेवलाय आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला घेतलाय. पैसे पंधराऐवजी बारा हजार येतील मार्चपर्यंत.

आई, कोजागिरीला माझ्या प्रमोशनसाठी तुळजापूरला चालत जायचं बोललीयस म्हणे. तुझे गुडघे बघ आधी. बसनं जा, नाहीतर माझ्यासाठी थांब, शनिवारी मी येते, आपण दोघी गाडीनं जाऊ.

रागावला असाल तर दुपारी एकनंतर फोन करा, त्याआधी मीटिंग आहे. खरीखुरी.

चटणीचा अर्धा डबा मी काढून घेतलाय. उद्या पाणी यायचा दिवस आहे, मोटरचं बटण अडकतं, बंडूला लावायला सांगा.

तुमची,
सुमी