घरी येण्याआधी चार दिवस

सावईवेरे, गोवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मुंबईला उतरल्यावर फोन केला आणि "मी आधी चार दिवस गोव्याला जाऊन येते" म्हटलं, तेव्हा आई, तू एकदम गप्प झालीस. मग "बरं" म्हणालीस. ते "बरं" मला रात्रभर कोकण रेल्वेत टोचत होतं. दहा महिन्यांनी लेक आफ्रिकेतल्या मोझांबिकहून परत येतेय आणि घर सोडून भलतीकडेच चाललीय, याचं वाईट वाटणारच. फोनवर सगळं सांगायला गेले असते तर मध्येच रडू आलं असतं आणि तुम्ही दोघं घाबरला असतात, म्हणून लिहिते आहे. पत्र पोचेल त्याच्या मागोमाग मीही पोचेन.

आधी एक कबुली. जानेवारीत मी आठवडाभर "नेटवर्क नाही" म्हणून फोन टाळला, ते खोटं होतं. मला मलेरिया झाला होता. तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, त्या दिवसांत तापाच्या रांगा लागतात. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या कामाच्या धबडग्यात माझ्या प्रतिबंधक गोळ्या तीन-चार दिवस चुकल्या. अंगात हुडहुडी भरली तेव्हा मीच माझं बोट टोचलं, काचपट्टीवर लेप काढला, रंगवला आणि तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाच्या शंभराच्या भिंगाखाली धरला. लाल पेशींमध्ये मलेरियाच्या जंतूंच्या, जांभळट टिंबाच्या बारीक अंगठ्या दिसल्या. रोज दुसऱ्यांच्या रक्तात शोधत होते त्याच. औषध वेळेत मिळालं, तीन दिवसांत ताप उतरला, आता मी ठणठणीत आहे. तुम्हाला सांगितलं नाही याची माफी मागते. गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्यायच्या आहेत, त्या आता चुकवत नाही. आणि बाबा, येत्या काही महिन्यांत मला कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की ही मोझांबिकहून आली आहे. साधा फ्लू समजून कोणी वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट यापेक्षा जड आहे. फेब्रुवारीत एक चार वर्षांची मुलगी आली. बापाने अंधारातच निघून सायकलवर आणली होती, कापडाने पाठीला बांधून. तिच्या रक्तात जंतू मोजता येईनात इतके होते. तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा. तो झपाट्याने वाढतो, आणि लागण झालेल्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. इंजेक्शन लगेच दिलं, पण दुपारी ती गेली. बापाने ते कापड सोडलं, झटकलं, तिला त्यात पुन्हा नीट गुंडाळलं. जाताना प्रयोगशाळेच्या दाराशी थांबून मला "ओब्रिगादो" म्हणाला. आभार मानले त्याने माझे. मी मान हलवली आणि पुढची काचपट्टी उचलली, कारण बाहेर रांग होती. त्या दिवशी रडले नाही, नंतरही नाही.

आई, मला भीती होती की दार उघडून तू समोर दिसलीस की ते सगळं एकदम बाहेर येईल. तुला काही माहीत नसताना ते तुझ्या अंगावर पडू नये असं वाटलं. म्हणून इथे थांबले.

हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीच्या मावशीचं हे घर कुळागरात आहे. सुपारी, नारळ, केळी, त्यांवर चढलेले मिरवेल, मधून पाटाचं पाणी. मावशी घरात कोकणी बोलतात, मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात आणि मला काही म्हणजे काही विचारत नाहीत. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचं. मग मी पाटात पाय सोडून बसते. पहिल्या दिवशी बसल्या बसल्या दोन तास रडले. मावशी लांबून बघून गेल्या, थोड्या वेळाने पायरीवर तांब्याभर पाणी ठेवून गेल्या.

काल त्यांच्याबरोबर वरच्या डोंगरावर काजूत गेले. झाडाखाली बोंडांचा सडा होता, पिवळी, लाल. मावशी टोकाला खिळा लावलेल्या काठीने बोंडू टोचून उचलतात आणि बी पिळून वेगळी काढतात. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपणहून पडलेलाच घ्यायचा, असं म्हणाल्या. त्या वासाने मी जागच्या जागी थांबले. मोझांबिकमध्ये, आमच्या नांपुलात नोव्हेंबरात अगदी हाच वास होता! तिकडे काजूचा हंगाम ऑक्टोबरपासून, इथे मार्चपासून, त्यामुळे मला एकाच वर्षात काजूचे दोन हंगाम मिळाले. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेलं हे झाड दोन्ही किनाऱ्यांवर रुजलं, आणि नावही दोन्हीकडे काजूच. तिकडे पहिल्याच दिवशी नर्सने पोर्तुगीजमध्ये "बाल्द" मागितली आणि मी बादली नेऊन दिली, तेव्हा ती थक्क झाली होती. चावी, साबण, बटाटा, सगळे शब्द ओळखीचे निघाले. परक्या मुलखात मला पहिला आधार आपल्याच स्वयंपाकघरातल्या शब्दांनी दिला.

आई, कवळ्याला जाऊन शांतादुर्गेची ओटी भरली, तुझ्या नावाने. मूळ देऊळ गोव्यातल्याच केळशीला होतं, पोर्तुगीजांच्या काळात देवीला इकडे हलवलं, ही आजीची गोष्ट आठवली. आता आहे ते देऊळ साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातलं. ओटी भरताना त्या चार वर्षांच्या पोरीचं नाव मनात घेतलं. तिच्या माणसांचा देव वेगळा, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

बाबा, तुम्हाला इथे फार आवडेल. जत्रेसाठी गावातली मंडळी रात्री मराठी नाटकाची तालीम करतात. दिवसा बागेत राबलेला माणूस हातात वही घेऊन पल्लेदार वाक्यं म्हणतो आणि चुकला की सगळे थांबून त्याला पुन्हा म्हणू देतात. मला तुमची रेल्वे इन्स्टिट्यूटमधली नाटकं आठवली. पुढच्या वर्षी गुडघे साथ देत असतील तर आपण तिघं येऊ.

शुक्रवारी मडगावहून गोवा एक्स्प्रेसने निघते. कुळेला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतील आणि गाडी घाट चढायला लागेल, तेव्हा तुम्ही लहानपणी शिकवलेला "सदतीसला एक"चा चढ (सदतीस फूट पुढे, एक फूट वर) आठवून दारापाशी उभी राहीन. म्हणजे दाराच्या आत, काळजी नको. मिरजेला रात्र होईल. तुम्ही स्टेशनवर येऊ नका म्हणून सांगणार होते, पण या. मला प्लॅटफॉर्मवर तुम्ही दिसायला हवे आहात.

आई, मावशींनी ओल्या काजूचे गर सोलून दिले आहेत. चिकाने त्यांची बोटं काळी झाली तरी ऐकेनात. उसळीसाठी नारळ फोडून ठेव. मी आल्यावर लगेच झोपणार नाही, तुझ्याजवळ ओट्यापाशी बसणार आहे.

तुमची लेक