शिरोड्याच्या मास्तरांना, चेलोच्या चार तारांबद्दल

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

गणपती पोचवले, मंडळाचे टाळ आणि पखवाज जागेवर गेले, आणि आज जरा निवांतपणे लिहायला बसले आहे. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच पावसापाण्यावर येता, म्हणून हे लिहूनच कळवते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण तुम्ही मला जे दिलंत ते माझ्यापुरतं ठेवावं असं नाही. सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत आणि तिकडे गोव्यातही व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच कुळातलं, पण मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य) वाजवणारी मंडळी आहेत. तार बदलायची म्हटलं की सगळ्यांची अडचण एकच. ती मुंबईहून मागवायची, नाहीतर थेट परदेशातून. चेलोच्या चांगल्या संचाला वीस हजारांच्या पुढे मोजायचे, आणि ते मोजण्याआधी ती तार आपल्या वाद्यावर कशी बोलते हे ऐकण्याची सोय कुठेच नाही. ती सोय तुम्ही मला तुमच्या पडवीत करून दिलीत.

माझी गरज थोडी वेगळी होती, ती इथे सांगायला हवी. आमचे बुवा खालच्या पट्टीत, पांढरी एकमध्ये, म्हणजे पाश्चात्य सी या सुराला षड्ज धरून गातात. कोकणातल्या भजनी मंडळांत हे तसं विरळच. त्यांच्या साथीला चेलो घ्यायचा तर चार तारा सी, जी, डी, ए या सुरांत लावायचा नेहमीचा मेळ गैरसोयीचा पडतो. म्हणून डीची तार सीवर आणि एची तार जीवर उतरवून मी सा-प-सा-प असा मेळ लावते. खाली खर्जाचा षड्ज आणि पंचम, वर मध्य षड्ज आणि त्याचा पंचम. गायकी अंगाने वाजवायला हा मेळ फार सोयीचा. पण वरच्या दोन तारा सैल पडतात, गज त्यांत रुतल्यासारखा होतो आणि सूर उशिरा उमटतो. त्यातच वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेने जुन्या संचाला गंज धरला होता. कोणती तार घ्यावी असं विचारलं की प्रत्येक जण आपल्याला आवडणाऱ्या कंपनीचं नाव सांगायचा. माझा मेळ काय आहे, हे तुमच्याआधी कोणी विचारलंच नाही.

तुम्ही आधी कागद-पेन्सिल काढलीत. सूर उतरवला की ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, हे मी शाळेत कधीतरी शिकले असेन, पण त्याचा माझ्या डाव्या हाताच्या बोटांशी संबंध आहे हे तुम्ही दाखवलंत. पूर्ण एक स्वर खाली आणला की ताणाचा जवळपास पाचवा हिस्सा जातो. चेलोच्या एच्या तारेवर साधारण सतरा-अठरा किलोचा ताण असतो, तो माझ्याकडे चौदाच्या आसपास येतो. म्हणजे आवाज मिळमिळीत येण्याचं कारण माझा गज नव्हता, वाद्यही नव्हतं. त्या तारा त्या सुरासाठी घडवलेल्याच नव्हत्या. वरच्या दोन तारा जास्त ताणाच्या घे आणि खालच्या दोन मध्यम किंवा सौम्य, संचाचं खोकं एकच असलं पाहिजे असा काही नियम नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

मग तुम्ही ती पाकिटं आणलीत. मुंबईत ताडदेवच्या स्टुडिओत वाजवायचात तेव्हापासून जमवलेल्या, काढून ठेवलेल्या पण अजून जिवंत असलेल्या तारा. प्रत्येक तार रुंद वेटोळं करून ठेवलेली, कारण घट्ट दुमडली की वरचं वेष्टन उकलतं. पाकिटावर तुमच्या बारीक अक्षरात तारेचं नाव, कधी चढवली, कधी उतरवली, आणि खाली एक ओळ: "ओलाव्यात मंद", "गज लागताच बोलते", "नवी असताना करकरीत, महिन्याने उत्तम". खुंटीकडच्या टोकाला गुंडाळलेल्या रेशमाचा रंग बघून तुम्ही लांबूनच तार ओळखत होतात. ही पाकिटं म्हणजे तारांच्या जन्मपत्रिकाच होत्या.

"गो बाय, आधी तुजा वाद्य काय म्हणता ता ऐक," एवढंच म्हणून तुम्ही समोर बसलात.

एच्या तारेने सुरुवात केली. मध्यम ताणाची लार्सेन कंपनीची तार जीवर उतरवली तेव्हा गोड लागली, पण द्रुत तानेत दाणा सुटेना. त्याच कंपनीची जास्त ताणाची तार चढवली आणि गोडी तशीच राहून पाठीला कणा आला. जास्त ताणाची तार घेतली तरी गेलेला ताण पूर्ण भरून निघत नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. उरलेलं काम गजाने करायचं: दाब कमी, वेग जास्त. डीच्या जागी लार्सेन आणि जार्गर या दोन्ही कंपन्यांच्या तारा ऐकल्या. इथे माझा मध्य षड्ज, सगळं गाणं ज्यावर येऊन टेकायचं ती जागा. जार्गरची फोर्टे, म्हणजे जास्त ताणाची तार, त्या जागी इतकी ठाम लागली की पुढे विचार करावाच लागला नाही. शेजारच्या लार्सेनपेक्षा तिचा सूर थोडा सरळ आहे, तेवढी गोलाई नाही, पण षड्जाला तो सरळपणा शोभतो असं मला वाटतं.

तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली तारही तुम्ही आवर्जून वाजवायला लावलीत. पिरास्ट्रो कंपनीची युडोक्सा, आत तात आणि वरून धातूचं वेष्टन. अभंगाच्या संथ ओळीला तो आवाज लागला तेव्हा मला दुसरं काही नकोच वाटलं. पण पावसाची सर आली, पडवीत गारवा शिरला आणि चहा होईपर्यंत तिचा सूर हलला. तात हवेतला ओलावा पिते. पोलादाच्या गाभ्याला तो त्रास नाही. "ही जानेवारीत ये तेव्हा," म्हणून तुम्ही ती पाकिटात परत ठेवलीत. मी येणार आहे.

खर्जाच्या तारेवर आपण सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे चेलोला पखवाजाशेजारी बसायचं असतं. पखवाजाचा कणीक लावलेला डगा आणि चेलोची सी एकाच भागात घुमतात. तिथे जाड, आळशी तार असली तर दोन्हींचा मिळून नुसता गडगडाट ऐकू येतो. क्रोम-पोलाद, चांदी आणि टंगस्टन अशा तीन वेष्टनांच्या सीच्या तारा तुम्ही ओळीने चढवल्यात, आणि त्यामागचं कारणही सांगितलंत. तार खाली लावायची तर ती जड हवी. पोलादाची घनता घन सेंटीमीटरला आठ ग्रॅमच्या आत, चांदीची साडेदहा, टंगस्टनची 19.3. म्हणून टंगस्टनने तेवढंच वजन बारीक तारेत बसतं. बारीक तार लवचिक असते आणि गज टेकताच बोलते. चांदीची तार जास्त गोल होती, एकट्याने आलापी करताना मला तीच जास्त आवडली असती. पण तिचा सूर थापेनंतर यायचा. थॉमास्टिक कंपनीची टंगस्टनची स्पिरोकोर थापेबरोबर आली. आत एकच जाड तार नसून पिळलेल्या अनेक बारीक तारा असल्याने ती घुमत राहते, त्या घुमण्यालाच आपल्याकडे आस म्हणतात. नवी असताना तिच्यात थोडी कर्कश सळसळ असते, काही आठवडे वाजवल्यावरच ती जाते, हे तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून नव्या तारा आल्यावर मी घाबरले नाही.

आता मध्यम या स्वराची गोष्ट. बहुतेक चेलोंत ई आणि एफ शार्पच्या दरम्यान कुठेतरी एक जागा अशी असते की वाद्याचं खोकं आणि तार एकमेकांशी भांडतात आणि सूर धरला की घुरघुरतो. माझ्या वाद्यात ती जागा नेमकी एफवर आहे. षड्ज सीवर म्हणजे एफ हा शुद्ध मध्यम. मालकंसात ज्या मध्यमावर थांबायचं, बागेश्रीत ज्याच्यावर जीव ओवाळायचा, तोच मध्यम घुरघुरतो. हा प्रश्न मी विचारलाही नव्हता. तुम्ही मालकंस वाजव म्हणालात आणि ऐकूनच ओळखलंत. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) खाली तारेवर बसवायची पितळी नळी मिळते, ती लावता येईल म्हणालात, पण त्याआधी मध्यम ताणाची सी काढून सौम्य ताणाची, पाकिटावर "वाइश" (मऊ) असं जर्मनमध्ये लिहिलेली तार चढवलीत. घुरघुर नाहीशी झाली नाही, पण एवढी मवाळ झाली की गज जरा घोडीकडे सरकवून मध्यम धरता येऊ लागला. नळी अजून लावावी लागलेली नाही.

पळस्प्याची गोष्टही तुम्ही त्याच दिवशी सांगितलीत. पनवेलजवळच्या त्या गावात उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं गुरुकुल होतं, आणि नॅन्सी लेश या अमेरिकन चेलोवादक त्यांच्याकडे धृपद शिकल्या. रुद्रवीणेचा तो खोल खर्ज ऐकलेल्या माणसाला चेलोची सी वेगळी ऐकू येत असणार. चेलो आपल्या गाण्यात उपरा आहे का, हा विचार माझ्या मनात अधूनमधून यायचा. कोकणाच्याच एका टोकाला हे काम होऊन गेलं आहे, हे कळल्यावर तो विचार मी सोडून दिला.

तारा चढवण्याची तुमची रीत इथे लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल. एका वेळी एकच तार काढायची. चारही तारांचा मिळून पंचावन्न ते साठ किलोच्या घरातला ताण घोडीला आणि आतल्या साउंडपोस्टला, म्हणजे खोक्यात उभ्या असलेल्या लाकडी दांडीला, जागेवर धरून ठेवतो. सगळ्या एकदम काढल्या की घोडी पडते आणि साउंडपोस्टही पडू शकतो, मग तो उभा करायला जाणकार माणूस शोधायचा. तार बसण्याच्या खाचांत, घोडीवर आणि मानेच्या टोकाला, साध्या पेन्सिलीचं शिसं घासायचं म्हणजे तार अडकत नाही. सूर चढवताना घोडी मानेच्या बाजूला कलते, ती दोन्ही हातांनी सावकाश सरळ करायची. वाजवून झालं की राळ आणि घाम कोरड्या सुती कापडाने पुसायचा, रोज. मिठागरांच्या गावात राहून तुमच्या तारा इतक्या स्वच्छ कशा, याचं उत्तर तेवढंच आहे. जास्तीच्या तारा बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

आणि पावसाळ्याची घोडी! आषाढात लाकूड फुगतं, वाद्याच्या पोटाची फळी उचलली जाते, तारा बोटांपासून वर जातात, आणि आपण मात्र तारेला जड म्हणतो. तुम्ही तुमच्या वाद्यासाठी थोडी बुटकी घोडी वेगळी करून ठेवली आहे, ती पावसाळ्यात चढवता आणि थंडीत उतरवता. माझ्यासाठीही तशीच एक कोरून दिलीत. तिचे पाय माझ्या चेलोच्या फळीवर इतके अचूक बसले आहेत की मधे कागदही जात नाही. ते काम तुम्ही पन्नाशीच्या पुढे गेलेल्या डोळ्यांनी नव्हे, त्याहून बऱ्याच वयाच्या डोळ्यांनी, चष्मा कपाळावर सरकवून केलंत. त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आरवलीला वेतोबाला केळी ठेवून ये म्हणालात, ती ठेवली.

या गणपतीत त्या चार तारा सगळीकडे वाजल्या. एका घरी बुवांनी मालकंसात अभंग लावला, मध्यमावर थांबले आणि माझ्याकडे बघून तिथेच रेंगाळले. पखवाजवाल्यांनी डग्याचा हात हलका केला. भजन संपल्यावर बुवा म्हणाले, "तुझा खर्ज यंदा शब्दाच्या आधी तयार असतो." ही दाद तुमची आहे, म्हणून तुम्हाला पोचवते.

तुमची पाकिटं सगळी नीट परत आणते आहे. ज्या तारा मी वाजवून पाहिल्या त्यांच्या पाकिटांवर तुमच्या ओळीखाली माझी एकेक ओळ लिहिली आहे: मेळ कोणता होता, हवा कशी होती, काय ऐकू आलं. मी उतरवलेल्या मध्यम ताणाच्या दोन तारा, ज्यांत अजून जीव आहे, त्याही वेगळ्या पाकिटांत घातल्या आहेत. कुडाळची एक मुलगी व्हायोलिनवरून चेलोवर आली आहे, तिचा मेळ नेहमीचाच आहे, तेव्हा तिला त्या चालतील. तुमची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी तिला घेऊन येते. तिच्या वाद्याची घोडीही जरा बघाल का? मला ती उंच वाटते आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
वेंगुर्ल्याची चेलोवाली