दोन दारांची गाडी घेताय? आधी खालून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नव्या एसयूव्हीच्या पैशांत सेकंड-हँड स्पोर्ट्स कार’ अशा धर्तीचा मजकूर वाहनविषयक पानांवर अधूनमधून येतो. त्यात अश्वशक्ती असते, शून्य ते शंभरचे सेकंद असतात, लालभडक गाडीचा फोटो असतो. तीच गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे, सोसायटीत लावायची आहे आणि जून ते सप्टेंबर पाण्यातून चालवायची आहे, याचा उल्लेख मात्र नसतो. अशी गाडी घेऊ नये असे म्हणणे नाही. हौस असेल तर जरूर घ्यावी. पण आकड्यांवर भाळून नव्हे, तर तिचे इंजिन-गिअरबॉक्स आपल्या शहरातल्या साध्या गाड्यांशी किती जुळते ते पाहून.

या कसोटीवर २०१५ नंतरची, म्हणजे तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी रोजच्या वापराला सर्वांत व्यवहारी ठरते. गाडी पूर्ण आयात केलेली. पण तिच्यासारखेच २.० लिटर, २३० पीएसचे (अश्वशक्तीचे मेट्रिक एकक) टर्बो पेट्रोल इंजिन आणि ६ गिअरचा, तेलात बुडालेल्या म्हणजे ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्येही आला. त्याच कुळातल्या १.८ लिटर इंजिनाच्या स्कोडा सुपर्ब तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जात. त्यामुळे हे इंजिन हाताखालून गेलेला मेकॅनिक मिळणे अवघड नाही. याउलट २०१६ मध्ये आपल्याकडे आलेल्या फोर्ड मस्टँग जीटीचा ५ लिटरचा व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन) कानाला कितीही गोड लागला, तरी ती रविवारची गाडी. आरशांशिवाय रुंदी १,९१६ मिलिमीटर. २.५ मीटरच्या पार्किंगमध्ये डावी बाजू भिंतीला चिकटवली तरी उजवीकडे जेमतेम ५८ सेंटिमीटर उरतात. दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते, ते अर्धवटच उघडते आणि मग माणूस बाहेर पडत नाही, निसटतो. टीटी १,८३२ मिलिमीटरची आहे. तेवढ्या फरकाने रोजचा त्रास वाचतो.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीबोळांतले उंचवटे कोणत्या शिफारशीने बांधतात ते पालिकेलाच ठाऊक. टीटीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २,५०५ मिलिमीटर, मस्टँगचे २,७२०. हे अंतर जितके जास्त, तितका पोटाचा भाग उंचवट्यावर टेकण्याचा धोका जास्त. म्हणून टेस्ट ड्राइव्ह विक्रेत्याच्या गुळगुळीत रस्त्यावर न करता शेजारी माणूस बसवून आपल्याच सोसायटीच्या गेटवरून करावी. पुढच्या बंपरची खालची कड (लिप) घासत असेल तर तिरके जाऊन निभावते. पोट घासत असेल तर तो सौदा तिथेच सोडावा.

पैसे देण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवायला लावा. विक्रेता नाही म्हणाला, तर तेच उत्तर समजावे. खाली ऑइल सम्पवर (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर) ओरखडे किंवा चेपलेली कड, एक्झॉस्टच्या जोडावर नवे वेल्डिंग, जॅक लावायच्या जागा वाकलेल्या आणि खालचे प्लॅस्टिकचे आवरण गायब, हे एकत्र दिसले तर गाडी बरीच आपटलेली आहे. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट टीटीच्या या इंजिनात प्लॅस्टिकच्या एकाच घरात बसतात. गरम-थंड होऊन ते घर वाकते आणि कूलंट झिरपतो. गुलाबी-पांढरा वाळलेला थर आणि गोडसर वास ही त्याची खूण. आयडलिंगला शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि ऑइलचे झाकण काढताना ते आत ओढल्यासारखे वाटत असेल, तर इंजिनातले वायू परत इनटेककडे सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बहुधा फाटलेला असतो. पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असेल, तर इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारे) धुतले जात नाहीत, त्यावर काजळी बसते. मोठे रनिंग झालेली गाडी थंड असताना थरथरत असेल तर इनटेक काढून सफाईचा खर्च धरून चालावे.

दुसऱ्या पिढीची टीटी स्वस्तात मिळते, पण तिथे डोळे जास्त उघडे हवेत. सुरुवातीच्या २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात उच्चदाबाचा पेट्रोल पंप कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून) एका छोट्या वाटीसारख्या फॉलोअरने चालतो. ती वाटी झिजून भोक पडले की पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जातात. भाग क्षुल्लक, नुकसान लाखांत. नंतरच्या इंजिनांत दुखणे टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे. रात्रभर थंड राहिलेली गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखडाट झाला, तर पुढे बोलणी करू नयेत. म्हणून सकाळी जाताना ‘इंजिन गरम करून ठेवू नका’ असे आधीच सांगावे, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा.

ओल्या क्लचच्या डीएसजीचे ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलतात. त्याचे बिल मागावे. तोंडी ‘झालंय’ चालत नाही. चढावर हळूहळू रांगताना धक्के, डीवरून आरवर टाकताना ठोका किंवा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली, तर क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिटचा (गिअरबॉक्सच्या नियंत्रण यंत्रणेचा) खर्च समोर उभा आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या टीटी क्वाट्रोच्या मागच्या हॅल्डेक्स कपलिंगमध्येही (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागात) ऑइल असते, हे अनेक गॅरेजवाले विसरतात. बदलले तरी पंप बाहेर काढून त्याची जाळी साफ करत नाहीत. जाळी तुंबली की पंप जळतो, आणि गाडी मुकाट्याने फक्त पुढच्या चाकांवर चालू लागते. ओल्या रस्त्यावर जोरात निघताना पुढची चाकेच फिरत राहिली तर हे तपासावे. चारही टायर एकाच मेकचे, सारख्या झिजेचे हवेत. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, सहा वर्षांवरचा टायर बदलायचाच असे धरून नव्या टायरची किंमत हिशेबात घ्यावी. २४५/४० मापाच्या टायरची भिंत ९८ मिलिमीटरच असते. खड्ड्याचा मार थेट रिमवर जातो, म्हणून रिमची आतली कड बोटाने चाचपावी.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारे यंत्र) लावल्यावर एरर शून्य दिसले म्हणून खूश होऊ नये. ‘रेडिनेस’ म्हणजे गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या अपूर्ण दिसत असतील तर एरर नुकतेच पुसलेले असू शकतात; शे-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावा. वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमधले किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत. रिमॅप केलेली (इंजिनाचे सॉफ्टवेअर बदललेली) किंवा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी मजा देते, पण पीयूसी आणि विम्याचा दावा दोन्ही अडकू शकतात.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. कार्पेट उचलून सीटखालचे कनेक्टर पाहावेत. चिपळूण, सांगली, कोल्हापूरचे पूर आठवावेत. ठेंगण्या गाडीत पाणी लवकर शिरते.

दोन दारांचा हट्ट सोडला, तर रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो हा स्वस्त आणि खराखुरा मजेदार पर्याय. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, हाताचे गिअर, चारही चाकांना डिस्क. फक्त टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर घेतल्या दिवशीच बदलावा.

कागदांत सर्वांत मोठा खड्डा परराज्यातल्या पासिंगचा. महाराष्ट्रात आयात गाडीला वाहनकर २० टक्के आहे, म्हणून अशा गाड्यांवर पुदुच्चेरीसारख्या ठिकाणच्या पाट्या दिसतात. १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो: मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, वर गाडीच्या वयानुसार इथला कर. हा कर किंमत ठरवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावा आणि सौद्यातून वजा करावा. विम्यातला नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. आणि स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण हवे, तर पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे